घरांतलीं मुलें, वाटेवरचीं मुलें

(महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यांत दिलेलें व्याख्यान)



या व्याख्यानासाठीं मला जो विषय नेमून देण्यांत आला होता त्याचें नांव ‘ख्रिस्ती कुटुंबाचीं कर्तव्यें’ असें होतें. विषय थोर आहे यांत शंका नाहीं. परंतु कर्तव्यांसंबंधीं आपण प्रवचनांतून वर्षभर ऐकत असतों, आणि तेंहि माझ्यापेक्षां अधिकारी मुखांतून. शिवाय कर्तव्याची गोष्ट निघाली कीं बापांची दृष्टि छताकडे व आयांची दृष्टि घड्याळाकडे वळते, हा अनुभव येथें बसलेल्या प्रत्येकाला आहे. म्हणून व्यवस्थापक मंडळींची परवानगी घेऊन मीं विषय थोडा खालीं उतरविला आहे. व्यासपीठावरून घराच्या ओट्यावर आणला आहे म्हणा ना. घरीं आणि प्रवासांत, मुलांच्या संगतींत, जे हंसण्याचे प्रसंग येतात त्यांविषयीं मी बोलणार आहें. असले प्रसंग क्षुल्लक आहेत असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं थोडा वेळ धीर धरावा.

विनोद ही वस्तु आपल्या वऱ्हाडाला परकी नाहीं. मराठींत विनोदी लेखनाचा पाया ज्यांनीं घातला ते ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) याच प्रांतांत वकिली करीत असत. पण तो विनोद विद्वानांचा. मी ज्यांच्या विनोदाविषयीं बोलणार आहें ते ग्रंथकार पांच ते दहा वर्षांच्या वयाचे असून त्यांचें वाङ्मय अद्याप छापलें गेलेलें नाहीं.

अमरावतीच्या एका घरची नाताळांतील गोष्ट सांगतों. गोठा मांडण्याचें काम चाललें होतें. थोरल्या मुलानें तीन राजे पूर्वेकडे ओळीनें उभे केले आणि सोनें, ऊद व गंधरस यांच्या इवल्या डब्या त्यांच्या पुढ्यांत ठेविल्या. धाकटी बहीण पांच वर्षांची. तिनें हें सर्व शांतपणें पाहून घेतलें, मग राजांना बाजूस सारून गव्हाणीपाशीं संत्र्याच्या चार फोडी नेऊन ठेविल्या. भावानें हटकलें, तेव्हां ती म्हणाली, “सोनं खाता येते काय?” वरुड-मोर्शीकडील आंबिया बहराचीं संत्रीं त्या दिवसांत बाजारांत ढिगांनीं येतात हें आपण जाणतांच, तेव्हां तिच्या भेटीला कांहीं पूर्वेकडून यावें लागलें नाहीं. पुढें काय झालें तें ज्यांच्या घरीं साखरेचा डबा उघडा राहतो त्यांस सांगावयास नको. त्या वर्षीं मेंढपाळांच्या मागोमाग मुंग्यांनींहि बाळाचें दर्शन घेतलें. आजी रोज सकाळीं गोठा झाडी, पण फोडी काढून टाकण्याऐवजीं रोज ताज्या ठेवी. आई म्हणाली, “आई, हें आतां पुरे करा.” आजीनें उत्तर दिलें, “तिचा पाहुणा आहे, तिला वाढूं दे.”

दुसरी गोष्ट अकोल्याची. सायंकाळची प्रार्थना लांबली होती. उन्हाळ्याचे दिवस, अकोल्याचा उन्हाळा म्हणजे काय हें अकोलेकरांनाच ठाऊक. गुडघ्यांवर बसलेला सात वर्षांचा मुलगा डुलक्या घेऊं लागला. संतांची नामावळी सुरू झाली, एकामागून एक नांवें उच्चारलीं जाऊं लागलीं, आणि एका नांवासरशीं हा दचकून जागा झाला व मोठ्यानें म्हणाला, “हजर!” शाळेची हजेरी आणि ही नामावळी यांचा ताल एकच असल्यामुळें त्याचा घोटाळा झाला होता. वडिलांनीं तोंड भिंतीकडे फिरविलें. आजोबांनीं ओठांवर बोट ठेवून सर्वांना दटावलें खरें, पण त्यांचेच खांदे हालत होते. प्रार्थना पुढें चालू झाली ती पहिल्यापेक्षां जरा बऱ्या मनानें. कोणी म्हणतील हा धर्माचा अनादर झाला. मला तसें वाटत नाहीं. ज्या मुलाला संतांच्या पंक्तींत आपलें नांव पुकारलें गेल्यासारखें वाटलें त्याचा अनादर कोणता?

आतां येथें एक जुना वाद उभा राहतो. मुलांबरोबर हंसलें तर धाक राहत नाहीं, असें आपल्या पिढीचें मत होतें व पुष्कळांचें अजून आहे. छडीवरील श्रद्धा आपल्या समाजांत इतर कित्येक श्रद्धांपेक्षां बळकट होती. या श्रद्धेला मराठी मुलखांत ज्यांनीं प्रथम धक्का दिला त्यांत ताराबाई मोडक यांचें नांव अग्रभागीं येतें. या बाई विवाहानंतर कांहीं वर्षें आपल्या अमरावतींतच राहत होत्या, ही गोष्ट अमरावतींतील फार थोड्यांना माहीत आहे. पुढें त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यापाशीं गेल्या, १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेंत त्यांनीं भाग घेतला, आणि बोर्डी व कोसबाड येथें आदिवासी मुलांसाठीं अंगणांत बालवाडी भरविली. मुलाला भय न दाखवितां शिकवितां येतें हें त्यांनीं जन्मभर करून दाखविलें. सरकारला ही गोष्ट कायद्यांत लिहिण्यास २००९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षींच्या शिक्षण-हक्काच्या कायद्यानें शाळेंत मुलाला मारणें व त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंस बंदी केली. घरांत मात्र तो कायदा येत नाहीं. घरांत कायदा आईबापांचा.

हंसण्यांतहि भेद आहे, हें येथेंच सांगून टाकतों. मुलाबरोबर हंसणें वेगळें व मुलाला हंसणें वेगळें. पाहुण्यांसमोर मुलाचे बोबडे बोल मुद्दाम वदवून घेऊन हंसावयाचें, काळ्या रंगावरून, जाड देहावरून, अडखळत्या वाचेवरून त्याला नांव ठेवावयाचें, आणि मूल रडूं लागलें म्हणजे “गंमतहि कळत नाहीं” असें म्हणावयाचें, हा प्रकार आपल्याकडे फार आहे. याला मी विनोद म्हणत नाहीं. याची चेष्टा मुलें वीस वर्षांनींहि विसरत नाहींत.

दोन घरांतील गुणपत्रकें मला आठवतात. पहिल्या घरीं मुलीला गणितांत शंभरांपैकीं एकोणतीस गुण मिळाले. ती पत्रक घेऊन सरळ वडिलांपुढें उभी राहिली व म्हणाली, “बाबा, एकोणतीस माझे, बाकीचे गुरुजींनीं ठेवून घेतले.” वडील खो खो हंसले. मग त्यांनीं चष्मा लावला आणि “चल, उरलेले परत आणूं” म्हणून ती रात्र अपूर्णांकांत घालविली. दुसऱ्या घरचा मुलगा हुशार होता, गुणहि पुष्कळ बरे होते. परंतु अपेक्षेपेक्षां सहा कमी. त्यानें पत्रकावर वडिलांची सही स्वतःच केली. ही गोष्ट उघडकीस आली तेव्हां घरांत जें झालें त्याचें वर्णन मी करीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं सही इतकी हुबेहुब होती कीं तिच्यामागें पुष्कळ दिवसांचा सराव असला पाहिजे, आणि त्या सरावाच्या काळांत त्या घरीं कोणी कोणाशीं मोकळेपणानें बोललें नसलें पाहिजे.

हा विषय मीं हलका म्हणून निवडलेला नाहीं हें आतां आपल्या लक्षांत येऊं लागलें असेल. आपल्या या विभागांत कर्जाच्या ओझ्याखालीं शेतकऱ्यांनीं जीव दिल्याच्या वार्ता आपण कित्येक वर्षें वाचीत आहों. त्यांचीं कारणें पावसाचीं, भावाचीं, सावकारीचीं. तीं मोठीं आहेत व त्यांवर बोलण्याचा अधिकार माझा नाहीं. परंतु त्या वार्ता वाचतांना एक वाक्य पुन्हां पुन्हां आढळतें: घरच्यांना कांहींच माहीत नव्हतें. तें वाक्य मला अस्वस्थ करतें.

दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यांतील एक शेतकरी माझ्या परिचयाचे आहेत. विहिरीचें पाणी खारें, म्हणजे सारी भिस्त पावसावर. एका वर्षीं ऐन काढणीच्या वेळीं पाऊस आला आणि शेंगा शेतांतच काळ्या पडल्या. त्यानंतर हे गृहस्थ घरीं बोलेनासे झाले. जेवत, निजत, शेतावर जात. पण बोलत नसत. बायको विचारी, तर “काही नाही” एवढेंच उत्तर. घरांत बैल विकावयाचा कीं काय अशी कुजबुज चाललेली धाकट्या मुलाच्या कानीं गेली होती. तो सहा वर्षांचा. तान्ह्या पोळ्याला मिळालेला त्याचा एक लांकडी बैल होता, चाकांचा, शिंगें रंगविलेला. एका संध्याकाळीं त्यानें तो दोरीनें ओढीत आणून बापापुढें उभा केला व म्हणाला, “बाबा, याले इकून टाका. याले चारा बी लागत नाई.”

बाप हंसला. हंसतां हंसतां रडला. आणि त्या रात्रीं त्यानें आपल्या बायकोला कर्जाचा आंकडा पहिल्यानें सांगितला. आंकडा ऐकून कर्ज कमी झालें नाहीं. तें फेडावयास पुढें चार वर्षें लागलीं, आणि शेवटीं खरा बैलहि विकावा लागला. पण लांकडी बैल अजून त्या घरच्या कोनाड्यांत आहे आणि ते गृहस्थ, देवाच्या दयेनें, आज या सभेंत बसले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मीं हें सांगितलें. क्षुल्लक गोष्टींवर ज्या घरांत बोलणें चालू असतें त्या घरांत गंभीर गोष्टीलाहि तोंड फुटण्याची वाट राहते, असा माझा समज आहे, व तो या घरावरून झालेला आहे.

आतां घरांतून बाहेर निघूं. मुलांना घेऊन प्रवास करणें हें किती जोखमीचें काम आहे याची साक्ष लूकच्या शुभवर्तमानांतच आहे. येरुशलेमच्या सणाहून परततांना मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले तोंवर बारा वर्षांचा मुलगा बरोबर नाहीं हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. सोबतच्या मंडळींत असेल असें ते समजून चालले होते. सोयरेधायरे मिळून यात्रेस निघाले म्हणजे काय होतें हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना यांत कांहींच नवल वाटणार नाहीं. प्रत्येक काकूला वाटतें पोर मामीपाशीं आहे. पवित्र कुटुंबाची ही हकीकत आपण गंभीरपणें वाचतों व तें योग्यच. पण चार मुलांच्या आईला ती वाचतांना जो धीर येतो तोहि कांहीं थोडा नव्हे.

आमच्या लहानपणीं अशा मुलें मोजण्याचें मुख्य ठिकाण म्हणजे बडनेरा. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला तो अमरावतीला बाजूस ठेवून. त्यामुळें अमरावतीकरांना बडनेऱ्यास गाडी बदलणें भाग पडे. ट्रंका, वळकट्या, पाण्याची सुरई आणि मुलें, या क्रमानें मोजदाद होई. एका कुटुंबानें तेथें घाईघाईनें अकोल्याच्या गाडींत चढून मुलें मोजलीं तों पांचाचीं सहा झालेलीं. शोध करतां एक अनोळखी मुलगा खिडकीपाशीं मजेंत बसून त्यांच्या डब्यांतली पुरी खात होता. “तूं कोणाचा?” म्हणून विचारलें, तर त्यानें बोटानें फलाटाकडे दाखविलें. तेथें त्याचे वडील ओळीनें चार वेळां मोजून दर वेळीं एक कमी भरल्यामुळें घामाघूम झाले होते. गाडी सुटण्यापूर्वीं मुलगा खिडकींतून परत करण्यांत आला; पुरी मात्र त्यानें परत केली नाहीं.

परंतु मुलांची खरी गाडी म्हणजे आपली शकुंतला. येथील तरुणांनीं ती बहुधा चित्रांतच पाहिली असेल. मूर्तिजापुराहून एक फांटा अचलपूरकडे, दुसरा यवतमाळकडे; रुळांतील अंतर अवघें अडीच फूट. किलिक निक्सन या विलायती कंपनीनें वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठीं ती चालविली. कापूस मँचेस्टरास जाई आणि गंमत अशी कीं तिला ओढणारें वाफेचें इंजिनहि मँचेस्टरचेंच, १९२१ सालीं बांधलेलें. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत तें चाललें. मग डिझेलचें आलें. आणि आतां गाडीच बंद आहे. तिकिटें देण्यापासून निशाण दाखविण्यापर्यंतचीं सारीं कामें मोजकीं चारदोन माणसें करीत, त्यामुळें प्रवासी व नोकर यांची ओळख होण्यास भरपूर अवकाश मिळे.

वाफेच्या त्या दिवसांत मी मुलांना घेऊन अचलपुरास जात होतों. बनोशाला, म्हणजे दर्यापूरच्या स्टेशनांत, गाडी थांबली व इंजिनानें मोठा उसासा टाकला. माझा मुलगा तेव्हां चार वर्षांचा. तो म्हणाला, “थकलं वाटते.” एवढें बोलून त्यानें आमचा फिरकीचा तांब्या उचलला आणि मी धरीन तों खालीं उतरून इंजिनापाशीं जाऊन ड्रायव्हरपुढें धरला: “याले पाजा.” ड्रायव्हर वयस्क होता, तोंड कोळशानें माखलेलें. त्यानें गंभीरपणें तांब्या घेतला, दोन थेंब इंजिनाच्या तापलेल्या अंगावर शिंपडले, ते चर्र करून उडून गेले, बाकीचें पाणी स्वतः प्याला आणि म्हणाला, “अर्धं त्याचं, अर्धं माझं.” पुढें अंजनगांव, पथ्रोट येईपर्यंत मुलगा खिडकीशीं कान लावून बसला होता. इंजिन आतां बरें चाललें आहे असा त्याचा अभिप्राय पडला. आज तो मुलगा पुण्यास यंत्रांच्याच कारखान्यांत अधिकारी आहे, आणि नादुरुस्त यंत्राला अजून “थकलं” असेंच म्हणतो असें ऐकतों.

अकोल्याहून खांडव्याकडे जाणाऱ्या जुन्या मीटरमापी वाटेवरहि मुलांसाठीं एक चमत्कार होता. धुळघाटाजवळ डोंगर चढण्यासाठीं रूळ गोल वळसा घेऊन आपल्याच अंगावरून पुढें जात. मोठीं माणसें इंजिनियरांची वाहवा करीत. एका मुलीनें मात्र खालचे रूळ ओळखून सांगितलें, “गाडी काही तरी विसरली होती, म्हणून परत आली.” मेळघाटांतील ती वाटहि आतां राहिली नाहीं.

चिखलदरा सुदैवानें जागेवर आहे. सुमारें ३,६०० फूट उंचीवरील आपलें हें थंड ठिकाण. परतवाड्यापासून घाट लागला कीं मुलांचे चेहरे पिवळे पडूं लागतात व आयांच्या पिशव्यांतून लिंबें बाहेर निघतात. भीमानें कीचकाला मारून येथल्या दरींत टाकलें म्हणून हें नांव पडलें अशी कथा सांगतात. मुलांना कथा आवडते, पण त्याहून पंचबोलचा कडा आवडतो, कारण तेथें हांक मारली कीं डोंगर उलट हांक मारतात. आमच्याबरोबर आलेल्या मुलांनीं आपापलीं नांवें ओरडून झालीं. मग माझा नातू पुढें सरसावला आणि त्यानें आपल्या आईच्या आवाजांत ओरडून विचारलें, “अभ्यास झाला काय?” समोरच्या डोंगरानें विचारलें, त्याच्या पलीकडच्यानें विचारलें, दरीनें विचारलें. क्षणभर सगळींच मुलें गप्प झालीं. अशा ठिकाणींहि सुटका नाहीं हें त्यांस कळून चुकलें. माझी सून लाजली, पण तिनेंच पुढें होऊन दरीला उत्तर दिलें: “उद्यां करूं!” आणि डोंगरांनीं तेंहि मान्य केलें.

आतां आजच्या वाटेविषयीं थोडें. अकोला-अमरावती हा मार्ग आपण सारे जाणतों. जून २०२२ मध्यें या मार्गावर लोणी ते माना या भागांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालण्यांत आला आणि गिनेसच्या पुस्तकांत त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. पांच दिवसांपेक्षां कमी वेळ! ही वार्ता मीं घरीं मोठ्या अभिमानानें वाचून दाखविली, तेव्हां नातीनें विचारलें, “मग आपल्या गल्लीतला खड्डा किती तासांचा आहे?” या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

रस्ता चांगला झाला, मोटार वेगानें जाऊं लागली, आणि मागच्या बाजूला बोलणें थांबलें. मुलांच्या हातीं एकेक फोन असतो. मूर्तिजापूर केव्हां आलें व गेलें हें त्यांना समजत नाहीं. याबद्दल मुलांना बोल लावणारे वडील स्वतः पेट्रोल भरतांना, चहा घेतांना आणि, देव क्षमा करो, गाडी हांकतांनाहि फोनच पाहत असतात. मी त्या यंत्राचा शत्रु नाहीं. पुण्याचीं नातवंडें मला त्यांतच दिसतात. पण दीड-दोन तासांच्या वाटेंत एक तास तरी तें पिशवींत ठेवावें. मग काय करावें म्हणून विचाराल, तर आमच्या घरचा एक खेळ सांगतों. समोरून येणाऱ्या वाहनांचे क्रमांक वाचावयाचे: २७ आला तर अमरावती, ३० अकोला, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३७ वाशीम. जो आधीं जिल्हा ओळखील त्याला एक गुण; आणि वाहन कोठें व कशाला चाललें असेल याची गोष्ट रचून सांगेल त्याला पांच. वाशीमच्या एका मालमोटारीबद्दल आमच्या नातीनें सांगितलें कीं तिच्यांत एका राजाचें पांघरूण भरलेलें आहे. कारण ताडपत्रीखालून कापूस बाहेर आला होता. त्या दिवशीं अमरावतीचा गिला वडा खाण्यापूर्वीं तिचे एकवीस गुण झाले होते व माझे तीन.

येथून मला दिसत आहे कीं पोत्यांच्या शर्यतीसाठीं मागच्या रांगेंतील मुलांनीं पोतीं केव्हांच पायांत चढविलीं आहेत आणि त्यांतील दोघे तर बसल्याजागींच शर्यत लावून एकदां पडलेहि आहेत. पंच म्हणून माझें नांव घातलेलें आहे असें कळतें. तेव्हां आपली रजा घेतों. दोरी धरण्यासाठीं दोन धिप्पाड बाप माझ्याबरोबर मैदानावर यावेत.